पिवळ्या दिव्याचे निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वैद्याच्या तोंडी तो आला म्हणजे रोगाच्या मूळ कारणाचा शोध, आणि घरात ‘निदान चहा तरी घ्या’ असे म्हटले म्हणजे ‘फार नाही, एवढे तरी’. जुन्या मोटारीच्या फळ्यावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की या दोन अर्थांची गाठ पडते. मालकाला खरी गरज असते पहिल्या अर्थाच्या निदानाची. तो मिस्त्र्याकडे जाऊन मागतो मात्र दुसऱ्या अर्थाचे: ‘निदान हा दिवा तरी विझवा!’ मिस्त्री यंत्र जोडतो, कळ दाबतो, दिवा विझतो, पैसे दिले-घेतले जातात. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून गेल्या पंधरा-वीस वर्षांत जुनी मोटार विकत घेण्याची पद्धत रुळली आहे. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, लहान दुकानदार, मुले परगावी नोकरीस गेलेली वृद्ध जोडपी, अशांना नवी गाडी परवडत नाही किंवा तिची आवश्यकता वाटत नाही. साठविलेल्या पैशांतून दोन-तीन लाख काढून आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घ्यावी, तिच्यातून लग्नसराईत सेंधवा-धुळ्यावरून नाशिक-पुण्यास जावे, एकादशीस ओंकारेश्वर करावे, हा बेत. अशा घरात मोटारीचा सात-आठ हजारांचा अनपेक्षित खर्च ही किरकोळ गोष्ट नसते. तो कोणाच्या तरी दातांच्या कवळीचा किंवा नातवाच्या शुल्काचा पैसा असतो. म्हणून या दिव्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे वाटले. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. परंतु हा विषय पुष्कळसा वाचनाचाच आहे. इंजिन स्वतःविषयी काही लिहून ठेवते. ते नीट वाचावयाचे, एवढेच.

प्रथम दिव्यांची ओळख. फळ्यावर तांबडे दिवे असतात आणि पिवळे असतात. तेलाच्या झारीचा तांबडा दिवा म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब गेला. तापमापकाचा तांबडा दिवा म्हणजे इंजिन अतिशय तापले. हे दोन लागले तर गाडी कडेला घेऊन तत्क्षणी इंजिन बंद करावे, तेथे विचारविनिमयास जागा नाही. आपला विषय असलेला दिवा पिवळा किंवा नारिंगी असतो. इंग्रजीत त्यास ‘चेक इंजिन’ म्हणतात. तो स्थिर लागला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-चार दिवसांत तपासणी करून घ्यावी. पण तोच दिवा लुकलुकू लागला आणि गाडी हिसके देऊ लागली, तर वेग कमी करून लवकर थांबावे. त्या वेळी एखाद्या नळकांड्यात ठिणगी पडत नसते आणि न जळलेले पेट्रोल पुढे धुराड्यातील शुद्धिपात्रात जाऊन तेथे जळत असते. त्या पात्राचे आतले जाळीदार भांडे या उष्णतेने वितळते. पाच-सहाशे रुपयांच्या दोषाचा खर्च पंचवीस-तीस हजारांवर जातो तो असा.

दिव्याने मालकाला सूचना देण्याची कल्पना अगदी नवी नाही, आणि तिचा इंदूरशी एक जुना, राजेशाही संबंध आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना मोटारींचा विलक्षण षोक होता. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची एसजे गाडी घेतली व तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून बांधून घेतला. मोटारींच्या इतिहासात ती आजही नावाजलेली आहे. या ड्यूझेनबर्गच्या जे मालिकेतील गाड्यांच्या फळ्यावर छोटे दिवे असत. ठराविक मैल झाले, की दाते-चक्रांची एक पेटी ते दिवे लावी: आता तेल बदला, आता विद्युत्घटातील पाणी पाहा. मात्र ती पेटी फक्त मैल मोजी. तेल खरोखर बिघडले आहे की नाही, हे तिला ठाऊक नसे. आजचा पिवळा दिवा मैल मोजत नाही, तो प्रकृती पाहतो. पुष्कळ मालकांची समजूत उलटी असते. ‘सर्व्हिसिंगची वेळ झाली असेल, म्हणून लागला’ असे म्हणून ते महिनोन्महिने गाडी चालवतात.

या आधुनिक दिव्याचा जन्म धुराच्या चिंतेतून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच सोळा छिद्रांची जोडणी व एकच सांकेतिक भाषा ठरली. आपल्याकडे भारत स्टेज ४ या निकषाबरोबर ही व्यवस्था आली: १ एप्रिल २०१० पासून पहिली पायरी, ज्यात मुख्यतः तारा-संवेदकांचे मंडल तुटले आहे काय एवढेच पाहिले जाई, आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरी, ज्यात धूर प्रत्यक्ष बिघडत आहे काय याचाही अंदाज घेतला जाऊ लागला. येथे इंदूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१० मध्ये हा निकष दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत, सोलापूर इत्यादी तेरा शहरांपुरता लागू झाला. इंदूर त्या यादीत नव्हते. सबंध देशास तो लागू झाला १ एप्रिल २०१७ रोजी. तेव्हा २०११ सालची पुण्याहून आणलेली गाडी आणि त्याच साली इंदुरात नोंदविलेली तशीच दिसणारी गाडी, यांच्या पोटातील व्यवस्था निराळी असू शकते. एकीवर चालणारे तपासणीचे यंत्र दुसरीवर मुके राहिले, तर यंत्रास दोष देऊ नये.

आता इंजिनाचा संगणक काय पाहतो, ते सांगतो. पेट्रोल पूर्णपणे जळावे यासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आत किती हवा आली हे एक संवेदक सांगतो. त्या प्रमाणात संगणक पेट्रोलाचे फवारे मोजून सोडतो. आणि ज्वलनानंतर बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू उरला की नाही हे धुराड्यात बसविलेला दुसरा संवेदक, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, कळवितो. प्राणवायू उरला, तर पेट्रोल कमी पडले. उरला नाही, तर जास्त झाले. संगणक त्याप्रमाणे फवारा क्षणाक्षणाला वाढवितो व कमी करतो. स्वयंपाकघरात आमटी उकळत असता गृहिणी चव घेते, मीठ घालते, पुन्हा चव घेते, तसाच हा प्रकार. ही दुरुस्ती टक्क्यांत नोंदली जाते. तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. दुरुस्ती चार-पाच टक्क्यांत राहिली तर सारे ठीक. ती वीस-पंचवीस टक्क्यांवर गेली, की संगणक म्हणतो, ‘आता हे माझ्या आवाक्यातले नाही’, एक संकेतांक लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. बहुतेक दोषांत तो एका चुकीवर दिवा लावीत नाही. पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तरच लावतो. दोष आपोआप गेला तर काही फेऱ्यांनंतर दिवाही आपोआप विझतो. शिक्षकांपैकी पुष्कळांना एवढा धीर नसतो.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांस निदानपंचक म्हणतात. रूप म्हणजे प्रकट झालेले लक्षण. ज्वर आला, खोकला आला, ही रूपे. रोगाचे कारण अजून शोधावयाचे असते. मोटारीतला संकेतांक हे केवळ रूप आहे. साऱ्या घोटाळ्याचे मूळ हे, की आपण रूपासच निदान समजतो. संकेतांकात ज्या भागाचे नाव येते तो भाग बदलून टाकतो. साक्षीदाराने चोरीची वर्दी दिली, म्हणून साक्षीदारालाच बेड्या घालाव्यात, तसे हे होते.

आमच्या एका सहकारी शिक्षकांची हकीकत या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. त्यांनी बारा वर्षांची एक लहान पेट्रोल गाडी घेतली. दीड महिन्याने दिवा लागला. गाडी चालत होती, पण सकाळी चौकात थांबली असता इंजिन थरथरे, आणि पेट्रोल थोडे अधिक लागे. घराजवळच्या गॅरेजात यंत्र जोडले, तर संकेतांक आला पी ०१७१. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मिस्त्र्याने निर्णय दिला: “सेंसर गया है साहब, बदल दो.” ऑक्सिजन सेन्सर बदलला, चार हजारांवर खर्च झाला. पाच दिवस दिवा विझलेला राहिला आणि सहाव्या दिवशी पुन्हा लागला. मग पेट्रोलचा पंप बदलावा असे निघाले. त्याचा अंदाज सात हजारांचा. गृहस्थ हवालदिल झाले. मुलीच्या लग्नासाठी नाशिकला जावयाचे होते आणि घरात ‘ही गाडी घेतलीच कशाला’ हा प्रश्न रोज दोन वेळा जेवणाबरोबर वाढला जात होता.

शेवटी ते एका वयस्क मिस्त्र्याकडे गेले. त्याने अॅम्बेसिडर आणि फियाटचा काळ पाहिला होता. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगणाऱ्या पिढीतला तो माणूस. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, आणि बिस्किटासारखे तपकिरी असेल तर उत्तम. ही परीक्षा आजही खोटी ठरलेली नाही. त्याने प्लग काढून पाहिले, टोके पांढुरकी होती. म्हणजे सेन्सर खरेच बोलत होता, मिश्रण खरोखर पातळ होते. बदललेला पहिला सेन्सर निर्दोष होता!

नंतर त्याने मुलाकडून यंत्र जोडून घेतले, पण संकेतांकाकडे पाहिलेही नाही. फ्युएल ट्रिमची टक्केवारी तेवढी विचारली. इंजिन संथ चालत असता दुरुस्ती होती अधिक चोवीस टक्के. मग त्याने अॅक्सिलरेटर दाबून फेरे मिनिटाला अडीच हजारांवर नेले. दुरुस्ती उतरून सहावर आली. एवढ्याने त्याचा अर्धा शोध संपला. यामागचे तर्कशास्त्र साधे आहे व ते प्रत्येक मालकाने समजून घ्यावे. इंजिनाच्या हवेच्या नळीस कोठे बारीक भेग असेल, तर त्या भेगेतून न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन संथ चालते तेव्हा त्याला हवा थोडीच लागते व आतली पोकळी जोराने खेचत असते. म्हणून त्या वेळी ही चोरटी हवा प्रमाणाने पुष्कळ ठरते. वेग वाढला की मुख्य वाटेनेच इतकी हवा येते, की चोरट्या हवेचे प्रमाण नगण्य होते. उलट पंप अशक्त असता, किंवा पेट्रोलची गाळणी तुंबली असता, संथ चालीत पेट्रोल पुरते आणि जोर लावताच कमी पडते. दुरुस्ती वेगाबरोबर वाढत जाते. येथे ती घटत होती. म्हणजे पंप निर्दोष. सात हजार रुपये तेथेच वाचले.

भेग शोधण्यास त्याने फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी घेतले आणि एकेका रबरी नळीवर थोडे थोडे मारून कान देऊन ऐकत राहिला. ब्रेकच्या सहायक डब्याकडे जाणाऱ्या जाड नळीच्या बाकाशी पाणी पडताच इंजिनाचा स्वर क्षणभर बदलला. नळी तेथे खालच्या बाजूने, वरून दिसणार नाही अशी तडकलेली होती. बारा वर्षांचे रबर आणि मालव्यातील उन्हाळा. दुसरे काय होणार? नळी साडेचारशे रुपयांची. गाडी नाशिकला जाऊन आली.

या हकीकतीत पहिल्या मिस्त्र्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. त्याने यंत्रावरील नाव वाचले आणि भाग बदलला. घाईच्या दुकानात बहुधा हेच होते. परंतु रोग्याची जीभ पाहून जीभच कापणारा वैद्य आपण पत्करला नसता.

निदानपंचकातील उपशय म्हणजे प्रयोगाने केलेली परीक्षा. अमुक आहार दिला असता बरे वाटते की वाईट, यावरून रोग ओळखणे. मोटारीत या पद्धतीचे सुंदर उदाहरण ठिणगीच्या दोषात मिळते. सेंधव्यापुढे बिजासन घाट चढताना गाडी भरलेली असली, की अशक्त झालेली कॉइल पहिल्यांदा तेथे हार खाते. सपाटीवर ती महिनोन्महिने निभावून नेते. संकेतांक येतो पी ०३०२: शेवटचा अंक दोन, म्हणजे दुसऱ्या नळकांड्यात ठिणगी चुकते. आता दोष प्लगचा, कॉइलचा, पेट्रोलच्या फवाऱ्याचा की आतल्या झडपेचा? ज्या गाड्यांत प्रत्येक नळकांड्यास निराळी कॉइल असते, तेथे दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवावी, तिसऱ्याची दुसऱ्यावर, संकेतांक पुसावा आणि गाडी चालवावी. पुढच्या वेळी पी ०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर घर बदलून गेला, कॉइलच दोषी. पुन्हा ०३०२ च आला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगांची अदलाबदल. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो. तरीही आपल्याकडे चारही प्लग आणि चारही कॉइली एकदम बदलण्याची रीत आहे. ‘एक गेली तर दुसरीही जाणारच’ हा युक्तिवाद कॉइल विकणाऱ्यास फार आवडतो.

तिसरा संकेतांक अधिक भीतिदायक: पी ०४२०. धुराड्यातील शुद्धिपात्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करीत नाही अशी ही वर्दी. या पात्रात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो, म्हणून ते महाग. आपल्या देशात ही पात्रे १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या गाड्यांत आली, कारण शिसे असलेल्या पेट्रोलाने ती निकामी होत आणि शिसेविरहित पेट्रोल प्रथम तेथेच मिळू लागले. २००० पासून ते सर्वत्र मिळते. पात्राच्या पुढे एक व मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याची सूचना सतत वरखाली होत असते. पात्र निरोगी असेल तर मागच्याची जवळजवळ स्थिर राहते. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, की पात्र निकामी झाले असे संगणक अनुमान काढतो. अनुमान बहुधा बरोबर असते. पण धुराड्याच्या जोडाशी गळती असली, तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन तीच खूण उमटू शकते. म्हणून आधी गळती पाहावी. आणि पात्र खरोखर मेले असेल, तर ते कशाने मेले हे न पाहता नवे बसविणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे. इंजिन तेल जाळीत असेल किंवा ठिणगी चुकत असेल, तर नवेही वर्षभरात त्याच वाटेने जाईल. आणखी एक ‘उपाय’ काही ठिकाणी सुचविला जातो: पात्राचे आतले भांडे फोडून रिकामे कवच परत बसवावयाचे. त्याच्या वाटेस जाऊ नये. ते भांडे विकत घेणारे गिऱ्हाईक बाजारात असते, म्हणून सल्ला फुकट मिळतो.

आपल्या भागाची म्हणून काही कारणे आहेत. पहिले, उंदीर. गाडी अंगणात किंवा वाड्याच्या बोळात आठवडाभर उभी राहिली, की पावसाळ्याच्या सुमारास उंदीर इंजिनाच्या उबेस येतात आणि संवेदकांच्या तारा कुरतडतात. त्या वेळी तीन-चार असंबद्ध संकेतांक एकदम उमटतात. इतके अवयव एका रात्रीत बिघडत नसतात. असे झाले तर यंत्राऐवजी विजेरी हाती घ्यावी आणि तारा पाहाव्यात. दुसरे, पाणी. इंजिन धुण्याच्या हौसेने जोरदार फवारा मारला, की जोडण्यांत पाणी शिरते. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर पुष्कळदा दिवा आपण होऊन विझतो. तिसरे कारण जरा गमतीचे. इंजिनाचे पाणी ठराविक तापमानास येईपर्यंत अडवून धरणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, हिची गरजच काय?’ असे म्हणून ती काढून टाकण्याची जुनी प्रथा आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून जाई. संगणकाच्या गाडीत मात्र इंजिन नेहमीच थंड असल्याचे दिसते; संगणक त्यास अधिक पेट्रोल पाजत राहतो, आणि ‘इंजिन ठराविक वेळेत तापत नाही’ हा संकेतांक, पी ०१२८, लिहून ठेवतो. जुनी गाडी घेतल्यावर पेट्रोल फार लागते अशी तक्रार असेल, तर ही झडप जागेवर आहे काय हे अवश्य पाहावे.

इथेनॉलविषयीही हल्ली पुष्कळ विचारणा होते. २०२५ मध्ये पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल सर्वत्र मिळू लागले. इथेनॉलात स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे अशा पेट्रोलास हवा कमी लागते, १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भाग. याचाच दुसरा अर्थ, तेवढ्याच हवेस पेट्रोल अधिक सोडावे लागते. निरोगी संगणक ही भर दुरुस्तीतून सहज घालतो. पण जी गाडी आधीच बारीक भेगेमुळे किंवा अर्धवट तुंबलेल्या गाळणीमुळे पंधरा टक्के दुरुस्तीवर जगत होती, तिची मर्यादा या भरीने ओलांडली जाऊ शकते आणि पी ०१७१ उमटतो. ‘पेट्रोल बदलले आणि गाडी बिघडली’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींची गाडी आधीपासूनच आजारी असावी, असे मला वाटते. २०२३ पूर्वीच्या गाड्यांतील जुने रबर या इंधनास कितपत टिकेल ही शंका निराळी आणि रास्त आहे. नळ्या व सीले अधिक वेळा पाहणे एवढे मालकाच्या हाती आहे.

आता विकत घेण्यापूर्वीची परीक्षा. लेख वाचून एवढे जरी कोणी केले तरी पुष्कळ पैसा वाचेल. गाडीत बसावे आणि इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ‘ऑन’च्या टप्प्यापर्यंत फिरवावी. त्या वेळी पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर गाडी निर्दोष आहे असे समजून आनंद मानू नये. कोणी तरी तो दिवा काढलेला आहे, झाकलेला आहे किंवा त्याची तार तोडलेली आहे. काही ठिकाणी तो शेजारच्या तेलाच्या दिव्याशी जोडून देतात, म्हणजे लागतो आणि विझतो, पण स्वतःचे काही सांगत नाही. दोघेही अगदी एकाच क्षणी विझत असतील तर संशय घ्यावा.

दुसरी युक्ती विक्रीच्या दिवशी सकाळी संकेतांक पुसून टाकण्याची. ही पकडता येते. संकेतांक पुसला, किंवा विद्युत्घटाची तार काढून जोडली, की संगणकाने आजवर केलेल्या साऱ्या स्वयंपरीक्षांची पाटीही कोरी होते. त्या पुन्हा पूर्ण होण्यास काही दिवसांचे साधे चालविणे लागते. २०१३ नंतरच्या व्यवस्थेत यंत्र जोडले असता या परीक्षा ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’ ते दिसते. रोज वापरात असलेल्या म्हणून सांगितलेल्या गाडीच्या परीक्षा अपूर्ण दिसल्या, तर विक्रेत्यास शांतपणे म्हणावे, ‘चार दिवसांनी पुन्हा येतो.’ उत्तराच्या स्वरावरून पुष्कळ कळते. मोबाइलशी जोडता येणारे छोटे यंत्र हल्ली हजाराच्या आतबाहेर मिळते. ते सुकाणूच्या खाली, गुडघ्याजवळच्या सोळा छिद्रांच्या जोडणीत बसते. संकेतांकाबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही पाहावी. दोष घडला त्या क्षणी वेग किती, इंजिनाचे तापमान किती, भार किती, हे तीत असते. दोष थंड इंजिनात घडला की घाटात, याचे उत्तर तेथे लिहिलेले असते. मिस्त्र्याने पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे; पुसल्यावर ते परत मिळत नाही.

प्रदूषणाचे प्रमाणपत्र दाखवून ‘धूर तर उत्तीर्ण आहे’ असे कोणी म्हणेल. ती परीक्षा गाडी उभी असता होते. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीस कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षांत २०० भाग, इतकी मर्यादा. घाटात चुकणारी ठिणगी किंवा सकाळच्या थंडीतला दोष त्या दोन मिनिटांत दिसत नाही. प्रमाणपत्र आणि दिवा या भिन्न साक्षी आहेत.

इंदुरात २०१० पूर्वीच्याही पुष्कळ गाड्या अजून धावतात, आणि त्यांत सोळा छिद्रांची जोडणी असली तरी नवे यंत्र बोलेलच असे नाही. त्यांनी निराश होऊ नये. मारुती ८०० मध्ये २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन संगणकाचा फवारा आला. सुझुकीच्या त्या काळातील कित्येक गाड्यांत संकेतांक वाचण्यास यंत्र लागतच नाही. तपासणीच्या जोडणीतील ठराविक दोन टोके तारेने जोडली आणि किल्ली फिरविली, की फळ्यावरचा दिवाच लुकलुकून अंक सांगतो. एक लुकलुक, क्षणभर विराम, मग दोन: म्हणजे बारा, आणि बारा म्हणजे दोष नाही. दुसरा अंक आला तर तो पुनःपुन्हा येत राहतो, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि दोन-तीन आवर्तने मोजून मगच लिहावा. कोणती दोन टोके, हे मात्र त्या त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत पाहूनच जोडावीत. चुकीच्या टोकांत तार गेली तर संगणक जळतो. सुरक्षेच्या हवापिशव्या असलेल्या गाडीत अनोळखी पिवळ्या जोडणीस हातही लावू नये. जुन्या मिस्त्र्यांपैकी काहींना ही टोके तोंडपाठ असतात. त्यांच्याकडून एकदा समोर बसून करवून घ्यावे आणि टोकांची आकृती वहीत काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवून द्यावी.